वासवीचे शिंग

फार मागे, अश्मक देशात एक न्यायी राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्वाने एका लाकूडव्यापाऱ्याच्या घरी जन्म घेतला होता. त्याची पत्नी वासवी मनाची निर्मळ, पण भारी घाबरट. पळी पडली तरी तिच्या काळजात धस्स होई.

एका वैशाखात खदिरग्रामामागचा डोंगर वणव्यात जळाला. जळूनही उभी राहिलेली झाडे राजाने बोधिसत्त्वाला विकली. त्यांचा कोळसा नगरातल्या लोहारांना दिला, की घरात लक्ष्मी पाणी भरणार होती. पतिपत्नी गाड्या घेऊन आली, तेव्हा गावकरी मोठ्या आनंदात शेतांचे डोंगराकडचे बांध फोडत होते.

"हे काय करता?" बोधिसत्त्वाने विचारले.

गावप्रमुख भद्दक कुदळीवर रेलून हसला. "शेट, दरसाल आम्ही पालापाचोळा गोळा करून राब भाजतो, तेव्हा कुठं भाताचं रोप धरतं. यंदा डोंगरानंच आमचा राब भाजलाय! पाऊस ती राख आयती शेतात आणून टाकील. मग वाटेत बांध कशाला?"

त्याच दुपारी वळवाची सर आली. उतारावरून चार खडे गडगडत आले, तशी वासवी किंचाळून मागे सरली. मग खडे कशाने सुटले ते पाहायला वाकली आणि तिने राखेत बोटे घातली.

"अहो, इकडे या. वरून पाणी वाहतंय आणि आत माती कोरडीच. अळवाच्या पानावरून जावं तसं जातंय."

"वहिनी, तुम्ही तर मांजर शिंकलं तरी दचकता!" भद्दक म्हणाला. लोक खदखदून हसले.

बोधिसत्त्व हसला नाही. त्याने भद्दकाच्याच घरची घागर मागवली आणि उतारावर ओतली. सारे पाणी घरंगळत भद्दकाच्या पायांवर आले. ओल्या वाटेवर उकरले, तर खाली कोरडी भुकटी.

"ही माती घागरभर पाणी पीत नाही, दादा. आषाढ कसा पिईल? राख येईल, पण एकटी येणार नाही. मागून धोंडे येतील."

भद्दकाचे हसू मावळले. "बांध बुजवतो. पण एवढ्या लोंढ्यापुढं मातीचे बांध काय टिकणार?"

"म्हणून पाणी वरच अडवायचं. ही झाडं पाडून उतारावर आडवी टाकू."

बोधिसत्त्वाचा मुनीम कासावीस झाला. "मालक, सारं भांडवल आहे हो ते! लोहारांना काय सांगू?"

"सांग, लाकूड संपलं. दुसरं गिऱ्हाईक जास्त नडलेलं होतं."

मग सारा गाव डोंगर चढला. खोडे उताराला आडवी, एकाखाली एक अशा ओळींत टाकली, मेखा ठोकून पक्की केली, फटींत दगड नि काटक्या भरल्या. बांध बुजवले. धान्य आणि गुरे पूर्वेच्या टेकडीवर नेली. प्रश्न उरला, डोंगरातून येणाऱ्या ओढ्यावर राखणीला बसून इशाऱ्याचे शिंग कोणी फुंकायचे? भद्दकाने गावचा मल्ल पुढे केला.

"हा वाघालाही भीत नाही."

"म्हणूनच नको," बोधिसत्त्व म्हणाला. "वासवी बसेल."

ती पांढरीफटक पडली. "आणि मी उगाच दचकले तर?"

"तर गाव उगाच टेकडी चढेल. पाय दुखतील, एवढंच."

आषाढ लागला आणि ती खरोखरच उगाच दचकली. एकदा माकडांनी फांदी मोडली, एकदा नुसती वीज कडाडली. दोन्ही वेळा शिंग वाजले, गाव टेकडीवर भिजत बसला.

"आज काय, बेडूक ओरडला वाटतं?" कोणीतरी टोमणा मारला.

वासवीने डबडबल्या डोळ्यांनी शिंग पतीपुढे ठेवले. त्याने ते पुसून परत तिच्या हाती दिले. "तू दचकत राहा. आम्ही चढत राहू."

मग एका सकाळी पाऊस कोसळत असताना खळाळणारा ओढा एकाएकी गप्प झाला. पाऊस एवढा, आणि ओढ्याला आवाज नाही! त्या शांततेनेच वासवी दचकली. वर कुठेतरी पाणी तुंबले होते. तिने जीव खाऊन शिंग फुंकले आणि फुंकत फुंकतच टेकडीकडे धावली.

"ऐकू तर काहीच येत नाही," लोक कुरकुरले.

"ऐकू येईल तेव्हा चढायला वेळ नसेल. उठा!" भद्दक ओरडला आणि एका म्हातारीला पाठीवर घेऊन निघाला.

शेवटचा माणूस टेकडीवर पोचला आणि डोंगर गरजला. काळा लोंढा धोंड्यांसह खाली सुटला. पहिल्या ओळीवर आदळला, कडकडाट झाला, काही खोडे उडाली. दुसऱ्या ओळीने धोंडे धरले. तिसरीने लोंढ्याचा जोर मोडला. बांधांपाशी आला तेव्हा तो दमला होता. दोन रिकामे गोठे घेऊन तो नदीकडे वळला. बांध टिकले. माणूस सोडाच, एक करडूसुद्धा गेले नाही.

टेकडीवर एकच जयघोष उठला. मल्लाने वासवीला खांद्यावर उचलले आणि नाचू लागला.

"खाली ठेव रे मेल्या, पडेन मी!" ती किंचाळली. लोक हसले, आणि हसता हसता रडले.

ही कथा सांगून शास्ता, भिक्षुसंघाचे गुरू, म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा भद्दक म्हणजे आजचा भिक्षू आनंद. ते गावकरी म्हणजे तुम्हीच. आणि काल भिक्षापात्र पडताच दचकली म्हणून तुम्ही जिला हसलात, ती भिक्षुणीच तेव्हाची वासवी. लाकूडव्यापारी मी होतो."

संकट दिसण्याआधी जागे राहणे आणि जागे झाल्यावर हात आखडता न घेणे, यालाच अप्रमाद म्हणतात.