लिंबाबाईचा दगडी फेरा

कृपागिरी महाराज चिंचखडीच्या माळावर राहत होते तेव्हाची ही गोष्ट. ओढ्याकाठी त्यांचा मठ होता. मठ कसला, कुडाची झोपडीच ती! पण दुरून दुरून माणसं तिथं येऊन निवांत होत.

माळाच्या दुसऱ्या टोकाला, कड्याजवळ, लिंबाबाई धनगरीण दगड मांडायची. गुडघाभर उंचीच्या दगडांचे एकात एक वेढे आणि त्यांतून वळत वळत मध्यापर्यंत जाणारी एकच अरुंद वाट, असा तो चक्रव्यूह. गाव त्याला फेरा म्हणे. लिंबाबाई रोज ती वाट झाडी, गवताची काडी उगवू देत नसे, आणि मग नाम घेत सावकाश आत जाऊन येई. आत पाऊल टाकण्याआधी मात्र दगडावर डोकं टेकून म्हणे, "येसाआई, तुझ्यामुळं. हणमाकाका, तुमच्यामुळं."

येसाआई म्हणजे तिची सासू. फेरा मांडायला तिनंच शिकवलं. दगड कसा बसवला म्हणजे हलत नाही, हे हणमाकाका वडारानं दाखवलं. दोघंही देवाघरी गेली होती.

मोठ्या कळपाचा मालक रायाप्पा चारचौघांत तिची नक्कल करी. कापरा आवाज काढून "येसाआई, तुझ्यामुळं!" म्हणे आणि सगळ्यांना हसवी. एकदा तर महाराजांपुढंच म्हणाला, "हिला सांगा की जरा. देव सोडून मेलेल्यांची नावं घेत बसती."

महाराज म्हणाले, "वाट दाखवणाऱ्याला विसरून तिनं वाटेवर पाय कसा ठेवावा, रायाप्पा?"

रायाप्पा हसत उठून गेला. लिंबाबाईच्या मात्र ते हसू जिव्हारी लागलं.

चैत्रातली दुपार होती. गवत वाळून कडकडीत झालं होतं. लिंबाबाई फेऱ्यापाशी वाट झाडत होती, तोच जळका वास आला. मान वर करून बघते तर वणवा! वारा सुटलेला, तिन्ही बाजूंनी जाळ आणि पाठीशी उभा कडा. धुरातून रायाप्पा पळत येत होता. मागं त्याची सून, छातीशी तान्हं लेकरू.

"दादा, इकडं या! फेऱ्यात गवत न्हाई!" लिंबाबाई ओरडली.

रायाप्पा दगड ओलांडून आडवा धावू लागला. तिनं त्याचा दंड पकडला. "आडवं जाऊ नगा! धुरात दिशा चुकली तर जाळातच जाशीला. माझा पदर धरा."

एकामागं एक तिघं वाटेला लागली. धूर दाटला. डोळ्यांपुढं हात दिसेना. लिंबाबाई पायानं दगड चाचपत वळणं घेत होती. अचानक तिला वळणच सापडेना! रोजची पायाखालची वाट, पण काळीज घाबरलं आणि सगळं विसरलं. नावं घ्यावीत तर धुरानं नुसता खोकलाच येई. अंगाला धग भाजू लागली. तान्ह्याचं रडणं थांबलं.

तेव्हा मागून रायाप्पानं टाहो फोडला, "येसाआई! हणमाकाका! तुमच्यामुळं, तुमच्यामुळं! हिला वाट दावा!"

आणि कुणीतरी लिंबाबाईचा हात धरला. खरबरीत, थंड हात. त्यानं तिला हलकेच वळवलं आणि पुढं नेलं. मध्यावर पोचताच तिघं जमिनीला तोंड लावून पडली. वणवा गरजत आला, बाहेरच्या वेढ्याला भिडला आणि जागीच विझत गेला. सुनेनं लेकराला हलवलं. ते खोकलं आणि मोठ्यानं रडलं. काय गोड वाटलं ते रडणं!

"माझा हात कुणी धरला हुता?" लिंबाबाईनं विचारलं. कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिघं तशीच मठात गेली. महाराज आसनावर बसले होते आणि शिष्य त्यांच्या तळपायांना लोणी लावत होता. दोन्ही तळवे भाजून फोडांनी भरले होते. शिष्य रडवेला होऊन म्हणाला, "दुपारपासून जागचे हललेसुद्धा नाहीत. बसल्या बसल्या हे कसं झालं?"

लिंबाबाईनं महाराजांच्या खरबरीत हाताकडं पाहिलं आणि तिला हुंदका आवरेना.

रायाप्पानं पागोटं काढून दंडवत घातलं. "चुकलो, महाराज! तुम्ही आलात म्हणून जगलो."

महाराजांनी पाय मागं घेतले. "मला कुठं दिसत होतं त्या धुरात? माझाही हात कुणी धरला होता, बाबा."

"कुणी?"

महाराजांचे डोळे भरून आले. आपल्या गुरूंचं नाव घेऊन ते भाजल्या पायांनी उठले, मोकळ्या माळाकडं तोंड करून त्यांनी जमिनीवर माथा टेकला आणि म्हणाले, "तुमच्यामुळं."

त्यांच्या शेजारी लिंबाबाई वाकली आणि तिच्या शेजारी रायाप्पा.