कर्णधार, मी कुठे उभा राहू?

नदीकाठच्या एका जंगलात एक म्हातारा वानर राहत असे. म्हातारा म्हटल्यावर काठी टेकत चालणारा वानर तुमच्या डोळ्यांपुढे येईल. पण याच्या हातातली काठी टेकायची नव्हती, खेळायची होती. टोकाला वाकलेल्या काठीने बेलफळ टोलवत न्यायचे आणि समोरच्यांच्या दोन दगडांमधून पार करायचे, असा तो खेळ. माणसे त्याला हॉकी म्हणतात. ज्यांना हात होते ते काठी हातात धरत, ज्यांना नव्हते ते दातांत धरत. कितीतरी उन्हाळे हा वानर आपल्या जंगलाच्या संघाचा कर्णधार होता.

हा खेळ म्हणजे नुसती करमणूक नव्हती बरे का, मुलांनो. उन्हाळ्यात नदी आटली की एकच डोह उरे. पाणी आधी अलीकडच्या जंगलाने प्यायचे की पलीकडच्या, यावरून पूर्वी दरवर्षी रक्त सांडे. शेवटी दोन्ही काठांवरच्या शहाण्या जनावरांनी ठरवले, की कोरड्या पात्रात सामना खेळायचा. जिंकेल त्या काठाने सकाळ-संध्याकाळच्या गारव्यात पाणी प्यावे. हरेल त्याने भर दुपारी, वाळू तव्यासारखी तापलेली असताना यावे. दुपारी येणाऱ्यांची पिल्ले वाटेतच गळपटत. काही परत घरी जातच नसत. म्हणून सामन्याच्या दिवशी दोन्ही काठांवर आया श्वास रोखून बसत.

वानर कर्णधार झाल्यापासून अलीकडचा काठ एकदाही हरला नव्हता. सगळ्यांत जास्त गोल मात्र त्याचे नव्हते; ते कोल्ह्याचे होते. वानराची तऱ्हाच वेगळी होती. एकदा घाईत सशाने चेंडू आपल्याच गोलात घातला. काठावर एकच आरडाओरडा झाला आणि ससा कान पाडून बिळाची वाट शोधू लागला. तेव्हा वानर काठाकडे वळून म्हणाला, "मीच त्याला 'मागे दे' म्हणून ओरडलो. चूक माझी आहे." खरे तर तो ओरडला नव्हता. सशाला ते ठाऊक होते. त्यानंतर ससा वानरासाठी असा पळू लागला, की बघणाऱ्यांना नुसती धूळ दिसे.

पण वय कुणाला चुकले आहे? मागच्या सामन्यात वानराचा उजवा खांदा दुखावला आणि तो पुन्हा पहिल्यासारखा झालाच नाही. ऐन वेळी पलीकडच्या लांडग्याचा पाय घसरला म्हणून सामना हातून निसटला नाही. खांद्याचे हे कुणाच्या ध्यानात आले नव्हते, निदान वानराला तसे वाटत होते. स्वतःला मात्र तो फसवू शकत नव्हता. पानगळ सुरू झाली तसे त्याने सगळ्या संघाला मोहाच्या झाडाखाली बोलावले.

"गड्यांनो, मी थांबतोय," तो म्हणाला.

"थांबताय म्हणजे? पाणी पिऊन या की, आम्ही आहोत इथेच," रानडुक्कर म्हणाले. त्याला गोष्टी जरा उशिराने कळत.

"खेळ थांबवतोय मी. या उन्हाळ्यापासून दुसरा कर्णधार."

ससा एकदम रडायलाच लागला. कोल्ह्याने मात्र हळूच छाती पुढे काढून शेपटी झटकली. जंगलात गोल कुणाचे जास्त, हे काय सांगायला हवे होते? पण वानर उठला, कोल्ह्याला ओलांडून पुढे गेला आणि आपली काठी त्याने साळूसमोर ठेवली.

साळू म्हणजे साळिंदर, संघाची गोलरक्षक. दिवसा ती झोपणारी. सामन्याच्या दिवशीही जांभया देत यायची. बोलायची अगदी मोजके. पण एकदा दगडांमध्ये उभी राहून तिने काटे पसरले, की गोलात बोट शिरायला जागा उरत नसे.

"हिला?" कोल्ह्याच्या तोंडून निघून गेले. "ही तर सगळ्यांच्या मागे उभी असते!"

"म्हणूनच," वानर म्हणाला. "तू खेळताना फक्त चेंडू बघतोस. ती आपल्या सगळ्यांना बघते."

साळूने काठीकडे पाहिले, मग वानराकडे. "मला जमेल का, दादा?"

"ते तूच ठरव. मी सांगून काय उपयोग?"

सराव सुरू झाला आणि खरी अडचण उभी राहिली. साळू म्हणे, "कोल्होबा, डावीकडे जा." कोल्हा आधी मोहाच्या झाडाकडे बघे. वानर फांदीवर बसलेला असे. त्याने मान हलवली तरच कोल्हा जाई, नाहीतर ऐकलेच नाही असे दाखवी. रानडुक्करही तसेच. ससाही तसाच, तो तर वानरावर इतका जीव टाकी, की दुसऱ्या कुणाचे ऐकणे त्याला पाप वाटे. वानराने मग मान हलवणे सोडले. तरी सगळे त्याच्या भुवयांवरून अंदाज बांधू लागले.

एका सकाळी त्याची म्हातारी वानरी त्याला म्हणाली, "रोज इथेच का येऊन बसता? सराव तर पलीकडच्या फांदीवरून कुणाला न दिसता बघता येतो."

"येताजाता लक्ष असावं म्हणून."

"लक्ष असावं म्हणून, की लक्ष जावं म्हणून?"

बाण बरोबर लागला होता. सगळे आपल्याकडे बघतात, हे त्याला आवडत होते. फार आवडत होते. दुसऱ्या दिवसापासून त्याने सरावाकडे फिरकणेच सोडून दिले. पण खेळाडूंच्या नजरा अजूनही रिकाम्या फांदीकडे जातच राहिल्या. आणि बघता बघता सामन्याचा दिवस आला.

पंच होती टिटवी. तिचे घर पात्रातल्या खड्यांतच असे, त्यामुळे ती ना या काठाची ना त्या काठाची. तिने कर्कश आवाज दिला आणि लांडग्याचा संघ तुटून पडला. पाहता पाहता पलीकडच्यांनी एक गोल चढवला. साळू मागून ओरडत होती, "कोल्होबा, सोड, सशाला दे!" कोल्हा कशाला सोडतोय! तिघांच्या गराड्यात एकटाच घुसला आणि चेंडू घालवून बसला. रानडुक्कर जागा सोडून चेंडूमागे धावले आणि त्याच मोकळ्या जागेतून लांडग्याने दुसरा गोल केला. टिटवीने मध्यंतराची हाक दिली तेव्हा अलीकडच्या काठावर एखादे पान पडले असते तर ऐकू आले असते.

मग काठावरच्या फांदीवर बसलेल्या वानराकडे बघत एका हरिणीने गळा काढला. तिच्या पोटाशी कालपरवा जन्मलेले पाडस होते. "वानरदादा, उतरा हो! भर दुपारी माझं लेकरू तो वाळवंट कसं ओलांडेल?"

"उतरा! उतरा!" सगळा काठ गर्जू लागला. मोर ओरडले, भेकरे भुंकू लागली, वानराच्या टोळीने फांद्या गदागदा हलवल्या.

वानराच्या अंगावर शहारा आला. जुना आनंद नसानसांतून वर चढला. खांद्याचे काय, अर्धाच तर डाव राहिलाय, निभेल! तो उठला आणि सरसर खाली उतरला. पात्रात पाय पडताच काठावर असा जल्लोष झाला, की डोहातले बगळे उडाले. कुणीतरी पुढे येऊन त्याच्या हातात काठी दिली. किती ओळखीचे होते ते वजन! कोल्हा, ससा, रानडुक्कर, सगळे धावत येऊन त्याच्याभोवती जमले. साळू एकटीच दोन दगडांमध्ये उभी राहिली.

वानराने ते पाहिले. क्षणभर तो होता तिथेच थांबला. मग घोळका बाजूला सारत तो तिच्यापर्यंत गेला आणि सगळ्या काठाला ऐकू जाईल अशा आवाजात त्याने विचारले, "कर्णधार, मी कुठे उभा राहू?"

साळूने होय म्हटले की सगळे जंगल खूष होणार होते. नाही म्हटले आणि सामना हरला, तर तिला या काठावर तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती. तिने वानराच्या खांद्याकडे पाहिले. मग हळू पण स्पष्ट आवाजात ती म्हणाली, "दादा, तुमचा उजवा खांदा मागच्या सामन्यातच गेला. मी गोलातून बघत होते. तुम्ही आज खेळू नका. वर जाऊन बसा."

वानराला ते लागले. इतक्या सगळ्यांसमोर! इतके दिवस जपलेले गुपित तिने एका वाक्यात उघडे केले होते. पण ती जे बोलली त्यात एक शब्द खोटा नव्हता, आणि ते बोलायला केवढे काळीज लागले असेल, हे त्याच्याइतके कुणाला कळणार? त्याने काठी खाली ठेवली आणि मान लववली.

"जशी कर्णधाराची आज्ञा."

एवढे बोलून तो वळला आणि काठ चढून पुन्हा आपल्या जागी जाऊन बसला. कुणी हुर्यो केली, कुणी साळूला नावे ठेवली. पण पात्रात काहीतरी बदलले होते. ज्याच्या शब्दाखातर सगळे जीव टाकत, त्यानेच साळूचा शब्द झेलला होता. कोल्ह्याने पहिल्यांदाच फांदीकडे न बघता विचारले, "साळूताई, आता काय करायचं?"

"तू डावीकडे राहा. ते तिघेही तुझ्यावरच धावून येतील; येऊ देत. चेंडू थोडा वेळ धर आणि सशाला सोड. डुकरोबा, काहीही झालं तरी जागा सोडायची नाही."

टिटवी ओरडली. कोल्ह्याकडे चेंडू आला आणि तिघे त्याच्यावर झेपावले. त्याने चेंडू सशाकडे सोडला. समोर चिटपाखरू नव्हते. गोल! दुसऱ्या वेळी रानडुकराने लांडग्याचा टोला छातीवर झेलला, उलट असा तडाखा दिला की बेलफळ थेट पलीकडच्या दगडांमधून गेले. बरोबरी झाली. आता लांडगा चवताळला. चेंडू घेऊन तो एकटा साळूवर चालून आला, डावी हूल दिली आणि उजवीकडे मारला. साळू फसली नाही. गर्रकन पाठ फिरवून तिने काटे फुलवले. बेलफळ त्यांवर आपटून खाली पडले. तिने ते पुढे सरकवले रानडुकराकडे, रानडुकराने कोल्ह्याकडे.

आता कोल्ह्यासमोर मोकळा गोल दिसत होता. मारावा की काय? त्याच्या तोंडाला पाणी सुटले. पण एका बाजूने पलीकडचा तरस धावत येत होता, आणि मागून हाक आली, "ससा!" कोल्ह्याने डोळे गच्च मिटले आणि चेंडू सशाला दिला. ससा धुळीतून आला आणि धुळीतच गेला. धूळ खाली बसली तेव्हा चेंडू दगडांच्या पलीकडे होता.

त्या संध्याकाळी हरिणीचे पाडस आईच्या पोटाला टेकून गार पाणी प्यायले. काठावर साळूच्या नावाचा गजर चालला होता. तिला खांद्यावर उचलून घ्यावे असे सगळ्यांना फार वाटत होते, पण काट्यांमुळे पुढे कोण होणार!

"वाईट वाटलं का हो?" वानरीने हळूच विचारले.

"वर चढताना वाटलं," वानर म्हणाला. "आपला दुसरा गोल झाला तेव्हा विसरलो."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लांडगा पाणी प्यायला आला. वानर सावलीत बसला होता. लांडग्याने पोटभर पाणी पिऊन तोंड पुसले आणि म्हणाला, "म्हाताऱ्या, काल तू खाली उतरलास तेव्हा मी मनात म्हटलं, सामना आपला झाला. तुझा खांदा मलाही ठाऊक होता. प्रत्येक चेंडू मी तुझ्याच उजवीकडे मारणार होतो. पण त्या काटेरी बाईने तुला परत पाठवलं आणि आमचा घात झाला. कोण ती एवढी?"

वानर खळखळून हसला.

"ती? ती आमची कर्णधार."

तात्पर्य : ज्याच्यावाचून संघाचे अडते, तो मोठा खेळाडू, पण आपल्यावाचून संघाचे अडू नये म्हणून जो वेळेवर बाजूला होतो आणि नव्या कर्णधाराचा शब्द सर्वांआधी पाळतो, तोच मोठा कर्णधार.