मडके कोणी धरायचे?

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात सर्जेराव नावाचा एक जहागीरदार होता. नेम धरायची त्याला मोठी हौस, आणि त्याहून मोठी हौस त्या नेमाच्या गोष्टी सांगायची. त्याची थोरली बहीण सगुणाबाई नवरा वारल्यापासून त्याच्याच घरी राहत असे. लहानपणी ही दोघे भावंडे वडिलांचे जुने ठासणीचे पिस्तूल चोरून ओढ्याकाठी नेत आणि कुंपणावर मडके ठेवून नेम धरत. सगुणाबाईला ते दिवस फार प्रिय होते. बंदुकीच्या दारूचा वास, काळे झालेले हात, आवाजासरशी उडणारे बगळे, सगळे तिला आठवे. मडके मात्र कधी फुटले नव्हते.

सर्जेरावाच्या तोंडी ते दरवर्षी फुटत असे. आधी कुंपणाजवळून, मग ओढ्यापलीकडून, मग चक्क दौडत्या घोड्यावरून! सगुणाबाई ऐकायची आणि पदराआड हसायची. गोष्टच ती, तिने कोणाचे काय बिघडते?

एका दसऱ्याला शस्त्रपूजा झाली, पाहुण्यांची पंगत उठली आणि सर्जेरावाने पुन्हा तीच गोष्ट काढली. या खेपेला मडके एका गड्याच्या हातात होते.

एका पाहुण्याने मिशीला पीळ दिला. "मग आम्हालाही दाखवा की!"

सर्जेराव बोलून बसला होता. आता मागे सरला तर नाक कापले जाणार. त्याने पूजेतले पिस्तूल ठासून आणवले आणि भिवा माळ्याच्या हाती मडके देऊन त्याला भिंतीशी उभे केले. भिवा गयावया करू लागला.

"घाबरतोस काय?" सर्जेराव गरजला. "आक्का साक्षीला होती. सांग आक्का, चुकला होता का कधी माझा नेम?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. भावाची री ओढावी तर भिवाचा जीव जाणार, खरे सांगावे तर आपले छप्पर. भावाचा राग तिला चांगला ठाऊक होता. पण तिला भीती वाटली नाही, संताप आला. तिच्या सगळ्यात गोड आठवणीच्या जोरावर हा एका गरिबाचा मुडदा पाडायला निघाला होता!

"चुकला होता," ती म्हणाली. "दर वेळी चुकला. तुझाही आणि माझाही."

"माझ्या घरात राहून मलाच खोटे पाडतेस? उद्या उंबऱ्याबाहेर काढीन!"

"उद्या कशाला? आजच जाते. पण आधी खेळ तर पुरा होऊ दे." तिने भिवाच्या हातातले मडके काढून घेतले आणि भावापुढे धरले. "आपण एकाच पिस्तुलावर शिकलो. तुझा नेम जेवढा पक्का, तेवढाच माझा. धर हे मडके आणि उभा राहा भिंतीशी. गोळी मी झाडते."

सर्जेरावाने पिस्तुलाकडे पाहिले, बहिणीकडे पाहिले. त्याचा हात काही मडक्यापर्यंत गेला नाही. पाहुणे काय समजायचे ते समजले.

सगुणाबाईने आपले बोचके आणले आणि उंबरा ओलांडला. भिवा तिच्यामागे धावला.

"आक्कासाहेब, माझी खोप लहान आहे. पण चला."

"चल," ती म्हणाली आणि मागे वळूनही न पाहता चालू लागली.

तात्पर्य: पोकळ बढाईला हसून सोडून द्यावे, पण तिच्यापायी दुसऱ्याचा जीव जाणार असेल, तर सख्ख्या भावालाही चारचौघांत खोटे पाडावे, मग डोक्यावरचे छप्पर गेले तरी बेहत्तर.