लुमाजी कातारीचा चरक

भक्तहो, त्या साली बोधगीर महाराजांचा मुक्काम नदीकाठच्या तळवणी गावात, भैरोबाच्या ओसरीवर होता. अंगावर एक घोंगडे, उशाला वीट. माणसे येत, आपले गाऱ्हाणे सांगत. महाराज ऐकून घेत, बोलत फार थोडे.

त्या गावात लुमाजी कातारी याची विधवा चंद्राई राहत असे. लुमाजीचा पायाने चालवायचा जुना चरक होता. दोन टोकांत लाकूड अडकवायचे, पायाने चाक फिरवायचे आणि फिरत्या लाकडाला पटाशी लावून ते कातायचे. पाळण्याचे खांब, बाजेचे पाय, लाटणी असे सारे त्यावर होई. शेवटी लुमाजीचे हात थरथरू लागले, तेव्हा पटाशी चंद्राईनेच धरली. नाव मात्र लुमाजीचेच राहिले.

तो गेला, आणि सुतक फिटण्याआधीच देवस्थानचे पंच अमृतराव दारात उभे राहिले. बाईमाणसाला आता हे कशाला, असे म्हणून त्यांनी चरकाचे चाक आणि लाकडाचे दुसरे टोक पेलणारा लोखंडी खिळा गड्यांकडून उचलून नेला. चंद्राई मागायला गेली तेव्हा पंचांनी कानांवर हात ठेवले. वर गावात सांगितले की कातारणीचे डोके फिरले आहे. चोरी ती चोरी, आणि वेडी ठरली ती! त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना.

पुढे उत्सव जवळ आला. पालखीच्या कठड्याच्या दांड्या वाळवीने खाल्ल्या होत्या. चंद्राई सभेत उभी राहिली आणि म्हणाली, दांड्या मी कातून देते. पंच हसले.

"देवाच्या पालखीला बाईच्या हातच्या दांड्या? बरं, दे. पण उत्सवाच्या सकाळी त्या आल्या नाहीत, तर तुझी पडवी देवस्थानच्या जागेत आहे. ती मोकळी करायची."

एका कडेला बसलेले महाराज तेवढे म्हणाले, "लाग कामाला, बाई."

तिने चरक गोठ्यातून ओढून काढला. राखेने आणि तेलाने गंज घासला, कुजलेला पाट बदलला. कुंभाराने आपले जुने चाक दिले, चांभाराने चामड्याचा पट्टा शिवून दिला. राहिला तो खिळा. लोहार तो घडवून देईना. त्याचा भाता पंचांच्या जागेवर होता. तिने बाभळीचा खुंटा बसवून पाहिला, तो जळाला. शिंग बसवले, ते फुटले. उत्सव दुसऱ्या दिवसावर आला, तेव्हा ती ओसरीवर गेली आणि हातही न जोडता उभी राहिली.

"महाराज, माझ्या डोळ्यांदेखत माझं नेलं, आणि खोटी मीच? तुमच्या देवाला हे दिसत नाही का?"

बसलेली माणसे दचकली. कोणी तिला गप्प करू लागले. महाराजांनी त्यालाच हाताने थांबवले, उठले आणि थेट तिच्या पडवीत गेले. चरकाच्या रिकाम्या टोकाशी बसून त्यांनी लाकडाला आपला अंगठा लावला.

"फिरव."

चंद्राईचा पाय उचलेना. महाराज म्हणाले, "तू देवाला जाब विचारलास ना? मग उत्तर येतंय तर थांबतेस का?"

तिने पाय दिला. चाक गरगरले. शिसवीचे खरबरीत लाकूड महाराजांच्या अंगठ्यावर भोवऱ्यासारखे फिरू लागले. पटाशीखाली कीस उडाला, आणि अंगठ्याला साधा ओरखडाही नाही! एकामागून एक दांड्या उतरत गेल्या. सारे गाव पडवीपुढे लोटले. पंचही आले.

"बुवाबाजी आहे ही," पंच म्हणाले.

महाराज बाजूला सरकले. "या, अमृतराव. तुम्ही धरा."

इतक्या लोकांपुढे माघार कशी घ्यावी? पंचांनी अंगठा लावला. चाक जेमतेम फिरले असेल. कातडी सोलली, ते किंचाळून मागे पडले. महाराजांनी तो रक्ताळलेला अंगठा आपल्या मुठीत धरला. रक्त थांबले, आग निवली. मूठ मात्र सुटली नाही.

"खिळा कुठे आहे?"

पंच म्हणाले, "माझ्या वाड्याच्या दिंडी दरवाज्याखाली. दार फिरायला बसवलाय. चाक विहिरीवर आहे."

"हिला वेडी कोण म्हणालं होतं?"

"मी," पंच म्हणाले, आणि रडत महाराजांच्या पायांवर वाकू लागले. महाराजांनी पाय मागे घेतले.

"माझं काय नेलंत तुम्ही? ज्यांचं नेलंत त्यांच्यापुढे वाका."

तेव्हा गावाच्या देखत, किसाने भरलेल्या जमिनीवर अमृतरावांनी चंद्राईपुढे डोके टेकले. शेजारच्या बायका तिला खुणावू लागल्या, बाई, झालं गेलं विसर, उठव त्यांना. तिने महाराजांकडे पाहिले. तिचे डोळे अजून पेटलेलेच होते.

महाराज म्हणाले, "मन होईल तेव्हा उठव, बाई. घाई नाही."