घोरासुराची गोधडी

एका राज्यात एक डोंगर झोपलेला होता. खरं तर तो डोंगर नव्हता, घोरासुर नावाचा राक्षस होता. पण झोपून झोपून त्याच्या पाठीवर साग आणि करवंदीची जाळी वाढली होती, म्हणून लोक डोंगर म्हणत. त्याच्या पोटाशी राजधानी वसली होती. राक्षस कुशीवर वळला तर राजधानी त्याच्या खाली जाणार, हे लहानथोरांना ठाऊक होतं. म्हणून त्या राज्यात कुणी मोठ्यानं शिंकत नसे, आणि लग्नात सनईवाले नुसते गाल फुगवून बसत.

राक्षसाच्या अंगावर राज्याची गोधडी होती. पावसाळ्यात तिची खालची ओळ कुजून जाई, आणि थंडी पडायच्या आत नवी ओळ लावावी लागे. ती शिवायचा मान पाचव्या वर्षात आलेल्या मुलांचा, कारण त्यांच्या आणि त्यांना शिकवणाऱ्याच्या हाताखेरीज दुसरा कुणाचाही हात राक्षसाला जड लागे. नियम दोनच. कापड घरात वापरलेलं हवं, कुणाच्या तरी अंगाला लागून मऊ झालेलं. आणि नक्षी मोडता कामा नये. राक्षस झोपेत गोधडीवरून बोट फिरवी. मोठं ठिगळ, लहान ठिगळ, मोठं, लहान, असं बोटाला लागत गेलं की आई थोपटते आहे असं त्याला वाटे. अधूनमधून तो एक पापणी किलकिली करून रंगही पाही. मोठ्या ठिगळांत तांबड्यामागून हिरवा, हिरव्यामागून तांबडा दिसला की पापणी मिटे; लहान ठिगळ कोणत्याही रंगाचं चाले. नक्षी चुकली की आई उठून गेली असं वाटून तो रडायला उठे. राक्षसाचं रडणं म्हणजे काय, ते सांगायला मागे कुणी उरलेलं नव्हतं.

मुलांना रंग, आकार आणि नक्षी शिकवण्याचं काम रेवती नावाच्या बाईकडे होतं. तिला सगळे अक्का म्हणत. राजा शूरपाल तिच्या बापाच्या वयाचा, पण तोही अक्काच म्हणे. अक्काजवळ एक लाकडी पेटी होती, तिच्यात रंगीत ठिगळं. अक्का आधी ठिगळ दाखवी आणि मग मुलांच्या हातात दुसरंच काही देई. तांबडं दाखवी आणि मिरचीचं टोक चाखायला लावी. "कान गरम झाले ना? हा तांबडा." हिरवं दाखवी आणि कैरी देई. "दात आंबले ना? हा हिरवा." निळं दाखवी आणि सगळ्यांना तळ्यात पाय सोडून बसवी. जांभळा शिकवायचा दिवस सगळ्यांना आवडे. त्या दिवशी जांभळं खायची आणि एकमेकांना जीभ दाखवायची. एकदा राजा पाहणीला आला तर पोरांनी ओळीनं उभं राहून त्यालाही जीभ दाखवली. राजा बराच वेळ विचार करून म्हणाला, "जांभळा," आणि निघून गेला.

अक्काला एक धाकटा भाऊ होता, केरू. तो तिच्या शाळेत इतकी वर्षं बसला की त्याच्याबरोबरची पोरं शिपाई झाली, आचारी झाली, बाप झाली. शेवटी अक्कानं त्याला शाळेचं दार उघडायचं आणि लावायचं काम दिलं. केरूचं डोकं गरम. आधी करायचं, मग बघायचं. दार अडकलं की तो बिजागरी तपासत नसे, लाथ घाली.

त्या वर्षी कार्तिकात अक्काला ताप आला. तीन वैद्य आले, तीन काढे झाले, आणि अक्का गेली.

केरू रडला नाही. त्यानं अक्काच्या जुन्या जांभळ्या लुगड्याचा पदर फाडून गळ्याला गुंडाळला, पेटी उचलली, आणि तडक गढूळ तळ्यावर गेला. "ती नाही, तर ही कशाला?" असं म्हणून त्यानं पेटी पाण्यात फेकली.

आता, ते तळं गढूळनाथ नावाच्या चेटक्याचं होतं. त्यात पडेल ते त्याचं. पेटी बुडाली आणि तिच्यासोबत अक्कानं शिकवलेलं सगळं बुडालं. ज्यांना ज्यांना अक्कानं शिकवलं होतं, त्या सगळ्यांच्या डोक्यातून रंग गेले, आकार गेले, नक्षी गेली.

सकाळी राज्यात मोठा घोळ झाला. आचाऱ्यानं हिरव्या मिरच्यांऐवजी तांबड्या मिरच्यांची भाजी केली आणि दरबार दुपारपर्यंत पाणी पीत राहिला. शिपायांना गोल रिंगण करायला सांगितलं, तर त्यांनी जे काही केलं त्याला नाव नव्हतं.

राजा जुना माणूस, अक्काच्या आधीचा, म्हणून त्याला सगळं येत होतं. त्याचा मुलगा बाळराजे याच वर्षी पाचव्यात आला होता. राजानं त्याला मांडीवर घेतलं आणि हिरवी चिंधी दाखवली.

"हा रंग कोणता?"

"आंबट," बाळराजे म्हणाले.

"आम्ही आज्ञा करतो, हा हिरवा आहे."

"बरं," बाळराजे म्हणाले. "आंबट हिरवा."

"आणि ही?" राजानं तांबडी चिंधी धरली.

"ही कानाची."

राजानं चिंध्या खाली ठेवल्या आणि दरबारी शिंप्यांना बोलावलं. थंडी दाराशी आली होती. शिंप्यांनी कोऱ्या रेशमाची ओळ घाईनं शिवली आणि राक्षसाच्या अंगावर चढवली.

"टोचतंय," घोरासुर म्हणाला.

एवढ्या एका शब्दानं बाजारपेठ जागची हलली. कासाराचं दुकान हलवायाच्या दुकानात शिरलं. राक्षसाचा एक डोळा उघडला आणि उघडाच राहिला. ओठ थरथरायला लागला, लहान पोराचा रडण्याआधी थरथरतो तसा.

तेव्हा केरू राजापुढे आला. "महाराज, पेटी मी फेकली."

"का?"

"राग आला होता."

"कोणाचा?"

केरूचा हात गळ्यातल्या पदराकडे गेला. राजानं त्या पदराकडे पाहिलं आणि पुन्हा विचारलं नाही. "जा, घेऊन ये," तो म्हणाला. "तोवर आम्ही थोपटतो." राजा शिडी लावून राक्षसाच्या कपाळावर चढला आणि दोन्ही हातांनी थोपटू लागला. प्रधानानं अंगाई धरली. प्रधानाचा आवाज चांगला नव्हता, पण घोरासुराची आईही काही गवई नसावी. तो ऐकत राहिला.

केरू गढूळ तळ्यावर गेला. चेटक्या काठावर चिखल चाळत बसला होता. त्याच्या डोक्यावर वाकलेल्या फांदीवर एक खंड्या पक्षी होता. हा खंड्या कधी खोटं बोलत नसे, आणि त्यामुळे त्याला कुणी घरी बोलावत नसे.

"पेटी दे," केरू म्हणाला.

"तीन कामं कर, मग देतो," गढूळनाथ म्हणाला. "सगळे चेटके असंच करतात, मी नियम मोडणार नाही. बरोबर की चूक ते हा खंड्या सांगेल. मला त्यातलं कळत नाही. मला कुणी शिकवलंच नाही."

"खरं आहे," खंड्या म्हणाला. "लहानपणी हा काठावर बसून रडायचा. मी पाहिलंय."

"ते सांगायची गरज नव्हती."

पहिलं काम. चेटक्यानं तीन हंडे मांडले. तिन्ही रंगांनी काठोकाठ भरलेले. "यातल्या निळ्या हंड्यात किल्ली आहे. भलत्या हंड्यात हात घातलास तर हात त्याच हंड्याचा."

केरूनं बघितलं. तीन हंडे, तिन्ही सारखेच परके. त्याला राग आला आणि तो लाथ घालणार तोच त्याचे कान गरम झाले. रागानं नव्हे, एका हंड्याची वाफच तशी होती. तो दुसऱ्यावर वाकला. दात आंबले, तोंडाला पाणी सुटलं. तिसऱ्यावर वाकला, आणि पायांना गारवा लागला. शेजारी कुणीतरी पाय हलवत बसलं आहे आणि 'हा निळा' म्हणतं आहे, असं वाटलं. त्यानं शेजारी पाहिलं नाही. सरळ हात घातला आणि किल्ली काढली.

"बरोबर," खंड्या म्हणाला. "माझ्याच पाठीचा रंग आहे. सुंदर असतो तो."

दुसरं काम. तळ्याखाली तीन अंधाऱ्या खोल्या होत्या. "त्रिकोणी खोलीत पेटी आहे," चेटक्या म्हणाला. "किल्ली कोणत्याही दाराला लागते. चुकीचं दार उघडून पाच पावलं आत गेलास की दार नाहीसं होतं. मात्र बाहेरून भिंतीला हात लावून फिरायला माझी हरकत नाही."

केरू हात लावून कशाला फिरतोय. तो अंधारात धावत सुटला. पहिल्या खोलीभोवती धावला, धावला आणि धावतच राहिला. शेवटी चक्कर येऊन खाली बसला.

दुसऱ्या खोलीभोवती कोपरे बाहेर आलेले होते. धाडकन गुडघा आपटला. वळला, पुन्हा आपटला. फेरी पुरी होईस्तोवर चार वेळा आपटला. तो गुडघा चोळत बसला, आणि त्याला आठवलं. लहानपणी तो शाळेत असाच धावायचा. अक्का गुडघ्याला हळद लावता लावता म्हणायची, "गोलात नुसती चक्कर येते. चौकोनात चारदा रडायचं. त्रिकोणात तीनदा रडलं की सुटका. समजलं का?"

"समजलं," केरू अंधारात म्हणाला.

तिसऱ्या खोलीभोवती तो मोजून तीनदा आपटला. दार उघडलं, पेटी उचलली, आणि लंगडत वर आला.

"बरोबर," खंड्या म्हणाला. "पण असं कुणी करतं का?"

"मी करतो."

तिसरं काम. चेटक्यानं पेटी उघडली आणि तिच्यातून एक पट्टी काढून काठावर पसरली. आजारी पडायच्या आदल्या दिवशी अक्का तीच शिवत होती. मोठा चौकोन, लहान गोल, मोठा चौकोन, लहान गोल, असं करत शेवटी एक मोठा चौकोन. त्यापुढे काही नाही. सुई तशीच खोचलेली, दोरा लोंबतोय.

"पुढे काय, ते लाव," गढूळनाथ म्हणाला.

राजधानीकडून प्रधानाची अंगाई येत होती. त्याचा आवाज आता अगदी बसला होता.

"पुढे काही नाही," केरू म्हणाला. "पट्टी संपली."

"चालेल का हे उत्तर?" चेटक्यानं विचारलं.

"नाही," खंड्या म्हणाला. "कड दुमडलेली नाही. कड दुमडल्याशिवाय गोधडी शिवणारी बाई पट्टी संपवत नाही. ही चालू आहे."

"ती नाहीये," केरू म्हणाला. "चालू कशी?"

"ते मला कळत नाही. मी पट्टीचं सांगतो."

केरूनं पेटीतून एक मोठं ठिगळ उचललं आणि मोठ्याच्या शेजारी धरलं. खंड्यानं चोच उघडली. केरूनं ठिगळ परत ठेवलं. मग तो पट्टीवरून बोट फिरवू लागला. मोठं, लहान. मोठं, लहान. बोट शेवटच्या मोठ्या चौकोनावरून पुढे गेलं आणि मातीला लागलं. तिथे गार होतं.

"मोठ्याच्या मागून लहान येतं," तो हळूच म्हणाला.

"मग लाव," चेटक्या म्हणाला. तो केव्हाचा उकिडवा बसून बघत होता.

पेटीत लहान ठिगळ एकही उरलं नव्हतं. गढूळनाथानं चटकन मंत्रानं कोरं जरीचं कापड काढून पुढे केलं. केरूनं मान हलवली. "टोचतं ते त्याला." त्यानं गळ्याचा पदर सोडला. बराच वेळ हातात धरला. मग दातांनी एक तुकडा फाडला, गोल कापला, आणि पट्टीला लावला. टाके वाकडे आले. दोनदा बोटात सुई गेली. डोळ्यांपुढे धुकं होतं, आणि त्यानं ते पुसलं नाही.

"बरोबर," खंड्या म्हणाला. "टाके वाईट आहेत, पण बरोबर."

तळं ढवळून निघालं आणि निवळलं. चेटूक सुटलं. तिकडे राज्यात आचाऱ्याला मिरच्या ओळखू आल्या आणि त्यानं दरबाराची माफी मागितली. केरूनं पेटी खांद्यावर घेतली. चार पावलं गेल्यावर त्याला मागून चिखलाचे पाय ऐकू आले.

"मलाही शिकायचंय," गढूळनाथ म्हणाला. "मी मागे बसेन."

"मागची जागा माझी होती," केरू म्हणाला. "बस तिथे."

केरू शाळेच्या दाराशी आला. दार नेहमीसारखं अडकलं होतं. त्यानं बिजागरी पाहिली, खडा काढला, दार उघडलं. पोरं आत येऊन बसली. बाळराजे पुढे, चेटक्या मागे. दुपारपर्यंत घराघरांतून जुने अंगरखे, लुगडी, आजोबांची मुंडाशी आली आणि पोरांनी ओळ शिवली. कडेला अक्काची पट्टी जोडली. मग सगळ्यांनी ती राक्षसाच्या अंगावर चढवली.

घोरासुरानं बोट फिरवलं. मोठं, लहान. मोठं, लहान. वाकड्या टाक्यांच्या ठिगळावर बोट जरा थांबलं. राजा दुप्पट वेगानं थोपटू लागला. राक्षसानं ते ठिगळ दोन बोटांत धरलं, गालाशी घेतलं, आणि डोळा मिटला. प्रधान गायचा थांबला तरी कुणी तक्रार केली नाही.

राजा शिडीवरून उतरला. त्याचे दोन्ही हात सुजले होते. तो शाळेच्या अंगणात आला तेव्हा केरू पोरांपुढे उभा होता. त्याच्या हातात उरलेला पदर होता. तो उंच धरून त्यानं पोरांना विचारलं,

"हा कोणता?"

सगळ्या पोरांनी जीभ बाहेर काढली. बाळराजांनी काढली. मागे बसलेल्या गढूळनाथानं इकडेतिकडे बघून काढली. केरूनं त्यांच्याकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले, मग सोडले, आणि आपलीही जीभ बाहेर काढली. गालांवरून पाणी वाहत होतं आणि तो हसत होता.

राजा बराच वेळ विचार करत उभा राहिला. मग त्यानं मुकुट काढून काखेत धरला आणि पोरांच्या ओळीत जाऊन जीभ दाखवली.

घोरासुर अजून झोपला आहे. दरसाल त्याच्या अंगावर एक नवी ओळ चढते. या गोष्टीची कड मी दुमडत नाही, मोकळी सोडतो. मोठ्याच्या मागून लहान, ज्याचं त्यानं लावावं.