सलमाची रेघ

"म्हणजे माझ्या तीन वर्षांवर तिचे तीन महिने भारी, असंच ना सर?" निरंजननं विचारलं.

पळसुले सर चष्मा पुसत राहिले.

महिनाभर निरंजनचा नुसता जळफळाट चालला होता. प्रयोगशाळेत त्याच्याकडे आणि सलमा मुजावरकडे एकाच किरणोत्सारी पदार्थाची एकेक डबी होती. त्यातलं अणुकेंद्रक बीटा कण टाकून दुसरंच होऊन बसतं, पण जन्मतं ते उत्तेजित. शांत होताना गॅमा किरण सोडतं, आणि पडद्यावर त्या किरणाची रेघ उभी राहते. सलमाला एक बारीकशी नवी रेघ दिसली होती. नवी रेघ म्हणजे केंद्रकाची आजवर कुणी न पाहिलेली अवस्था. आज शोधनिबंध जायचा होता, आणि त्यावर पहिलं नाव सलमाचं.

काल आलेली पोरगी, आणि काय एकेकाचं नशीब! हा विचार त्याला घास गिळू देईना.

"रेघ खोटी आहे," तो म्हणाला. "खोलीच्या भिंतीतल्या किरणोत्सारातून येते."

"कशावरून?"

"तिची डबी बाहेर काढून दोन दिवस यंत्र रिकामं चालवलं. तरी रेघ आहेच. बघा."

पडद्यावर ती होती... बारीक, पण होती.

दाराशी उभ्या सलमाचा चेहरा पडला. खोटं कशाला बोला, निरंजनला बरं वाटलं.

"आहे खरी," सर म्हणाले. "निबंध थांबवू म्हणतोस?"

"थांबवायलाच हवा."

"बरं. बाकीचा आलेख दाखव."

"बाकीचा?"

"तू एवढाच तुकडा उघडून बसलायस. आजूबाजूला काय आहे, ते बघितलंस?"

बघितलं नव्हतं. त्याने आलेख सरकवला... आणि हात थबकला. दोन्ही बाजूंना त्या पदार्थाच्या ओळखीच्या, मोठ्या रेघा ताडमाड उभ्या होत्या. तो पदार्थ काही भिंतीत नसतो.

सर उठले. यंत्राभोवती शिशाच्या विटा रचलेल्या होत्या. त्यांच्या आत लांब चिमटा घालून त्यांनी कोपऱ्यातली एक डबी उचलली आणि टेबलावर ठेवली.

झाकणावर निरंजनचंच अक्षर होतं. गेल्या आठवड्यात स्वतःचं काम उरकून तो ती काढायला विसरला होता.

"सलमा, निबंध पाठव," सर म्हणाले. "निरंजननं तुझी रेघ दुसऱ्या डबीवर पडताळून दिलीय."

ती गेली. निरंजन झाकणाकडे बघत राहिला.

"सर... म्हणजे तीन वर्षं ही रेघ माझ्याही डबीत होती?"

"होती की." सरांनी पुन्हा चष्मा पुसायला घेतला. "सलमाला खोटं पाडायचं नसतं, तर तुला आजही दिसली नसती."