गाळपरी आणि दगडातली पावलं

सागाची पानं जिथे सुपाएवढी मोठी होतात आणि उन्हाळ्यात नदी वाळूच्या पोटात लपून वाहते, तिथल्या दाट रानात एक चिमुकलं गाव होतं. त्या गावात वंजी नावाची मुलगी राहायची. तिचे बाबा बांबू तोडायला दूरच्या रानात जायचे आणि कितीतरी दिवसांनी परतायचे. आई नव्हती. धाकटी सुकी जेमतेम रांगायला लागली होती, तेव्हाच आई तापाने गेली. घरात भात असला तर मीठ नसायचं, मीठ असलं तर भात नसायचा. शेजारची आत्या वाडगाभर आंबील आणून द्यायची, तेव्हा कुठे दोघी बहिणींची पोटं भरायची.

पण वंजीला भुकेहून मोठं दुःख होतं. ती आईला विसरत चालली होती. घरात आईचा एकही फोटो नव्हता. आधी आवाज पुसट झाला. मग हसणं. आणि आता डोळे मिटून कितीही आठवलं, तरी आईच्या चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं दिसायचं.

सुकी रोज विचारायची, "ताई, आई कशी होती?"

"छान होती. मोठे मोठे डोळे होते तिचे."

"परवा तर तू बारीक डोळे म्हणालीस."

वंजी चुलीतली राख सारू लागली.

"तिला मी आवडायचे का?" सुकीने हळूच विचारलं.

"आवडायचीस ना."

"तुला काय माहीत? तुला तर तिचे डोळेपण आठवत नाहीत." सुकीने आंबिलीचा वाडगा बाजूला सारला आणि तोंड फिरवून पडून राहिली. त्या दिवसापासून तिचं खाणं कमी झालं, बोलणं कमी झालं. ती वाळलेल्या फुलासारखी कोपऱ्यात बसून राहायची.

एका सकाळी वंजी घागर घेऊन नदीवर गेली. पळसाच्या केशरी पाकळ्या वाळूवर पसरल्या होत्या, जणू कुणी इवले इवले दिवे मांडून ठेवले होते. वंजीने हातांनी वाळू उकरून झिरा केला. पाणी हळूहळू झिरपायला लागलं. तेवढ्यात तहानलेल्या पिटुकल्या मुनियांचा थवा आला आणि चोची उघडून काठावर बसला. वंजीने घागर मागे घेतली. "तुम्ही आधी प्या," ती म्हणाली. पाखरं पिऊन उडाली तेव्हा झिऱ्यात पाणी उरलं नव्हतं. वंजी न कुरकुरता आणखी खोल उकरू लागली.

तिच्या बोटांना एक चपटा दगड लागला. तिने तो वर काढला, पुन्हा झिरपलेल्या पाण्याने हलकेच धुतला, आणि पाहतच राहिली. दगडात एक पान होतं. काळंभोर, नाजूक, मोराच्या पिसासारखं. त्याची शीर न शीर दिसत होती.

"जपून हं," एक झुळझुळता आवाज आला. "ते पान फार फार म्हातारं आहे."

झिऱ्याच्या काठावर चतुर किड्याएवढी एक परी बसली होती. तिचे पंख अभ्रकाच्या पापुद्र्यांचे होते, रुपेरी आणि चमचमते. तिच्या झग्यावर नदीच्या दरडीसारखे पट्टे होते: तांबडा, पिवळा, राखाडी, पुन्हा तांबडा.

"मी गाळपरी," ती म्हणाली. "नदी जो मऊ मऊ गाळ आणते, त्याच्याखाली काय काय झाकलंय ते मी सांभाळते. तू पाखरांना आधी पाणी दिलंस. म्हणून तुला तीन इच्छा देते. पण माझ्या इच्छांना नियम आहेत."

"कसले नियम?"

"जे कधीकाळी होतं, ते मी दाखवू शकते. तू फक्त बघायचं, हात लावायचा नाही. ज्याची खूण दगडात उरली आहे तेच दिसेल. आणि नीट ऐक, दगडाने आपली गोष्ट एकदा सांगितली की त्यातली खूण पुसून जाते. मग तो दगड पुन्हा कुणालाच काही सांगत नाही."

वंजीने दगडातल्या पानाकडे पाहिलं. "हे पान जिथलं आहे ते रान मला बघायचंय."

परीने पंख फडफडवले आणि सगळीकडे हिरवा उजेड पसरला. साग नाहीसे झाले, पळस नाहीसे झाले. छत्रीएवढ्या पानांचे नेचे उंच उभे राहिले. पायाखाली गवताची काडी नव्हती. झाडाझाडांवर दव चमकत होतं, पण एकही फूल नव्हतं.

"फुलं कुठे गेली?" वंजीने विचारलं.

"फुलं अजून जगात आलेलीच नाहीत," परी म्हणाली. "तुझ्या आजीच्या आजीच्या आजीच्याही कितीतरी आधीचं हे रान आहे. इतकं आधीचं, की मोजायला आकडे पुरत नाहीत."

हिरवा उजेड विरला. वंजीच्या हातातला दगड कोरा झाला होता. तिने त्यावर पुन्हा पुन्हा बोट फिरवलं. पान नव्हतंच.

"माझ्यामुळे गेलं ते," ती खाली मान घालून म्हणाली. मग तिने विचारलं, "पण परी, पानं तर दोन दिवसांत कुजतात. हे पान एवढे दिवस राहिलं कसं?"

परीने वाळूतून आणखी एक दगड काढून तिच्या हातात दिला. त्यात वीतभर मासा होता. त्याचे खवले बारीक बारीक, चकचकीत, एकमेकांना चिकटलेले. "याला विचार," परी म्हणाली.

वंजी जराशी थांबली. पण तिला ते जाणून घ्यायचंच होतं. तिने हळूच मान हलवली.

नदीच्या जागी निळंशार तळं पसरलं. सोनेरी खवल्यांचा एक म्हातारा मासा संथ पोहत होता. पोहता पोहता तो थांबला, कलंडला आणि डुलत डुलत तळाशी जाऊन निजला. तेवढ्यात वरून मऊ गाळ आला आणि त्याच्यावर पांघरुणासारखा पसरला.

"बघ," परी सांगू लागली, "गाळाने त्याला लवकर झाकलं. म्हणून त्याला कुणी खाल्लं नाही, त्याला हवा लागली नाही, तो सगळा कुजून गेला नाही. मग त्या थरावर दुसरा थर बसला, दुसऱ्यावर तिसरा. वरच्या ओझ्याने खालचा गाळ घट्ट झाला आणि घट्ट होता होता दगड झाला. पाण्यात विरघळलेले दगडाचे बारीक कण माशाच्या हाडांत शिरले. हाडं दगडाची झाली, पण आकार माशाचाच राहिला. यालाच जीवाश्म म्हणतात."

"सगळ्यांचं असं होतं?"

"नाही गं. बहुतेकांचं काहीच उरत नाही. लाखांमध्ये एखाद्याचीच खूण राहते. म्हणून तर मी त्या जिवापाड जपते."

तळं विरलं. मासा असलेला दगडही कोरा झाला. वंजीने तो दोन्ही हातांत धरून ठेवला. तिचे डोळे भरून आले.

"परी, माझी तिसरी इच्छा आहे. मला माझी आई बघायचीय. सुकीलाही दाखवायचीय."

परीने पंख मिटले. "तुझी आई माझ्या कुठल्याच दगडात नाही, बाळा. एक मार्ग आहे, पण तो फार मोलाचा आहे. ये, दाखवते."

ती वंजीला नदीच्या वळणावरच्या रुंद कातळावर घेऊन गेली. कातळावर पावलं उमटली होती. मोठी पावलं तर घमेल्याएवढी. त्यांच्या शेजारी वाडग्याएवढी छोटी पावलं.

"लांब मानेचे, डोंगराएवढे प्राणी होते ते. डायनोसोर. ही त्यातल्या एका आईची आणि पिल्लाची पावलं आहेत. ओल्या चिखलात उमटली, उन्हाने वाळली, आणि गाळाने अलगद झाकली. ही आठवण इतकी जुनी आणि मोठी आहे, की ती मोडून मी तिच्या उजेडातून तुझ्या आईचा चेहरा घडवू शकेन. पूर्ण दिवसभर ती तुमच्यासमोर राहील. पण मग ही पावलं जातील. ही दोघं या जगात होती, हे पुन्हा कधीच कुणाला कळणार नाही."

वंजी कातळावर बसली. पूर्ण दिवसभर आई. तिला आईचं हसणं ऐकू येईल. सुकी आईच्या समोर बसेल. 'हो' एवढंच म्हणायचं होतं.

ती पावलांकडे पाहू लागली. मोठी पावलं लांब लांब पडली होती. छोटी पावलं घाईघाईची, जवळ जवळ. एका ठिकाणी छोटी पावलं घसरली होती, तिथे चिखलाची रेघ ओढल्यासारखी दिसत होती. आणि तिथेच मोठी पावलं थांबली होती. मागे वळली होती. मग दोघांची पावलं पुन्हा शेजारी शेजारी पुढे गेली होती.

"ती त्याच्यासाठी थांबली," वंजी म्हणाली.

"हो."

"त्यांच्याकडे एवढंच उरलंय."

"एवढंच."

वंजीने मोठ्या पावलात हात ठेवला. दगड उन्हाने कोमट झाला होता. तिला रडू आलं. मग तिने डोळे पुसले. "नको, परी. आईचं काहीच उरलं नाही की कसं वाटतं ते मला ठाऊक आहे. या पिल्लाच्या आईला मी नाही पुसणार. माझी तिसरी इच्छा राहू दे."

गाळपरीच्या पंखांवरून सोनेरी कण झरू लागले. ती उडत आली आणि तिने वंजीच्या उजव्या हाताच्या बोटाला आपला इवलासा हात टेकवला. बोटाच्या टोकाशी मोहरीएवढा उजेड लागला.

"तुझी इच्छा तुझ्याजवळच राहिली," परी म्हणाली. "मायेने झाकलेली खूण जवळ आली की हा उजेड वाढेल. ही खूण मात्र पुसणार नाही, कारण ती तुझीच आहे. पण हळू उघडायचं. पाणी गाळ उघडतं तसं."

वंजी घरी पोचली. दारातून आत शिरताच बोट काजव्यासारखं लुकलुकलं. चुलीमागच्या भिंतीपाशी तर ते पिवळंधमक झालं. कुडाची ती भिंत साधीच होती, मातीने लिंपलेली. वंजीने ओंजळीत पाणी घेतलं आणि भिंतीला लावलं. सुकी कोपऱ्यातून बघत होती.

"काय करतेस, ताई?"

"बघू या काय आहे ते."

वरचा पिवळ्या मातीचा पापुद्रा सुटला. त्याखाली पांढऱ्या मातीचा थर निघाला. दोघी बहिणी ओल्या बोटांनी इंच इंच भिंत उघडत होत्या, तेवढ्यात आत्या आंबील घेऊन आली.

"अगं पोरींनो, भिंत का खरवडताय?" असं म्हणता म्हणता ती थबकली. पांढऱ्या थराखाली तांबडी माती दिसू लागली होती, आणि त्या मातीत पाच बोटं.

आत्या आंबिलीचं भांडं ठेवून खाली बसली. "वहिनीचा हात आहे तो. ही भिंत तिने लिंपली होती. ती गेल्यावर मला तो हात बघवेना. बघितला की रडू यायचं. म्हणून मी वरून लिंपून टाकला." तिने पदराने डोळे पुसले. "पण पुसवला नाही गं माझ्याच्याने. लिंपताना हात अगदी हलका ठेवला होता."

वंजीने त्या हाताच्या ठशावर बोट फिरवलं. करंगळी टोकाला जराशी वाकडी होती. "आत्या, आईची करंगळी वाकडी होती?"

"होती ना. लहानपणी उखळात सापडली होती."

सुकीने आणखी पाणी लावलं. मोठ्या हाताच्या शेजारची माती सुटली आणि तिथे एक पिटुकला, गुबगुबीत ठसा दिसला. चिंचोक्याएवढा अंगठा, इवली इवली बोटं.

"हा कुणाचा?" सुकीने विचारलं.

"तुझाच," आत्या म्हणाली. "तुला कडेवर घेऊन भिंत लिंपत होती. म्हणाली, माझ्या सुकीचाही हात हवा इथे."

सुकीने आपला हात त्या छोट्या ठशावर ठेवला. वंजीने आपला हात मोठ्या ठशात ठेवला. तिच्या बोटातला उजेड भिंतभर पसरला, गुलाबी, सोनेरी, केशरी. आणि त्या उजेडात क्षणभर आई दिसली. मातीने माखलेली, कडेवर बाळ, बाळाचं मनगट हातात धरून हसणारी. तिचे डोळे चांगले मोठे होते. पण हसली की ते मिटून बारीक व्हायचे.

"ताई, तुझं दोन्ही खरं होतं," सुकी हळूच म्हणाली.

उजेड भिंतीवरून निघाला आणि खिडकीपाशी आला. त्यात अभ्रकाचे दोन पंख लखलखले, एक चिमुकला हात हलला, आणि गाळपरी उन्हात मिसळून गेली. भिंतीवरचे दोन्ही हात मात्र होते तिथेच राहिले.

सुकी कितीतरी वेळ भिंतीशी उभी होती. "माझा हात किती खोल रुतलाय बघ," ती म्हणाली. "तिने घट्ट धरला होता."

मग तिने आत्यासमोर बसून आंबिलीसाठी वाडगा पुढे केला.